स्ट्रेटनिंगनंतर मुळाशी उगवणारे कुरळे केस कसे सांभाळावेत

केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. स्ट्रेटनिंगचं औषध त्या दिवशी डोक्यावर होते तेवढ्याच केसांवर चालतं. नंतर मुळातून येणारा केस स्वतःच्या वळणाचाच येतो. म्हणून तीन महिन्यांत भांगाशी कुरळी पट्टी दिसली, तर औषध उतरलं असं समजू नका आणि लगेच पार्लर गाठू नका. रिबॉन्डिंग किंवा पर्मनंट स्ट्रेटनिंग असेल तर किमान ६ महिने जाऊ द्या. कॉस्टिकचं, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र क्षाराचं रिलॅक्सर क्रीम असेल तर ८ ते १२ आठवडे.

या मधल्या काळात जपायची जागा एकच: जोड. म्हणजे वरचा कुरळा केस संपून खालचा सरळ केस सुरू होतो ती रेघ. औषधाने केसातले बंध तोडून पुन्हा बांधलेले असतात, त्यामुळे खालचा भाग आधीच अशक्त असतो. वरचा भाग वेटोळी घालतो, खालचा घालत नाही, आणि गुंता नेमका त्या रेघेवर बसतो. केस तुटतो तोही तिथेच. कंगव्यात मूळ नसलेले तुकडे दिसले तर ती केसगळती नाही, जोडावरची तूट आहे. त्यावर केसगळतीचं तेल आणून उपयोग होत नाही.

गुंता काढायचा तो डोक्यावर पाणी घेण्याआधी. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. नहाणीत शाम्पू लावल्यावर गुंता सोडवा असं सांगणाऱ्यांचं स्ट्रेटनिंग केलेल्या केसांपुरतं अजिबात ऐकू नका. केसांचे चार भाग करून तीन क्लिपांत अडकवा. मोकळ्या भागाच्या जोडावर खोबरेल तेल बोटांनी चोपडा. ते केसात शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी निघून जातात. मग डाव्या हाताच्या चिमटीत जोडाच्या किंचित खाली केस घट्ट धरा. ओढ बसलीच तर ती बोटांवर बसेल, जोडापर्यंत जाणार नाही. हे धरणं जमलं की निम्मं काम झालं. मला हे उमगेपर्यंत प्रत्येक न्हाण्यानंतर फरशीवर केसांचे तुकडे पडायचे.

आता मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर या. जोडापाशी कंगवा ठेवून द्या. तिथे फक्त बोटं; गाठ खालून नाही, बाजूंनी पसरवत सैल करायची. अडलं तर थेंबभर तेल आणखी घ्या, जोर लावू नका. चारही भाग सुटले की प्रत्येकाची सैल वेणी घाला आणि वेण्या तशाच ठेवून डोकं धुवा. केस डोक्यावर गोळा करून चोळलेत तर सगळी मेहनत वाया गेली.

आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. बादलीला, गिझरला जो पांढरा थर चढतो, तोच केसांवर चढतो आणि जोड आणखी खरखरीत होतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात कुणी शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहायला सांगत असेल तर तो सल्ला आपल्यासाठी नाही. धुणं बोअरच्या पाण्याने करा, शेवटचे दोन तांबे फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. कंडिशनर प्रत्येक वेळी, जोडापासून टोकापर्यंत.

जुन्या सुती कापडाने टिपा, झटकू नका.

मुळाशी फुगलेले केस सपाट बसवायचे तर ते ओलसर असतानाच भांगापासून कानाकडे बोटांनी सपाट करून अर्धा तास सुती फडकं गुंडाळा. रोज प्रेस मारू नका. लग्नाला जायचंच असेल तर पूर्ण वाळलेल्या केसांवर हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस वाचवणारा स्प्रे किंवा क्रीम) लावून १८० अंशांच्या आत, एकदाच. रबर लावून घट्ट पोनी नको, सैल वेणी आणि तिरपा भांग पुरे. एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटीवर तोंडाला स्कार्फ लागतोच. आत जुन्या रेशमी साडीचा तुकडा घ्या, जोडावर घासत नाही.

पांढरे झाकायला बाजारातली काळी मेंदी मात्र लावू नका. काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात आणि स्ट्रेटनिंगच्या दुसऱ्या टप्प्यातल्या पेरॉक्साइडशी त्यांची रिअ‍ॅक्शन होऊन केस जळू शकतात.

टचअपला, म्हणजे नवीन उगवलेले केस सरळ करून घ्यायला जाताना मागच्या वेळी कोणतं औषध वापरलं ते लिहून न्या. थायोग्लायकोलेट (रिबॉन्डिंगमध्ये बहुधा हेच असतं) लावलेल्या केसांवर कॉस्टिकचं रिलॅक्सर चालत नाही, उलटही चालत नाही. केस तुटून हातात येतात. "ताई, सगळेच केस परत करून टाकू, छान चमक येईल," असं म्हणतील. ठाम नाही म्हणा. औषध फक्त नवीन केसांवर, जोडाच्या किंचित अलीकडे थांबवून, आणि जुन्या लांबीवर आधी कंडिशनरचा जाड थर. टाळूवर जखम किंवा खाजवल्याचा ओरखडा असेल तर तारीख पुढे ढकला.