स्पायरिया ‘गोल्डफ्लेम’: रंग हवा तर कात्री चालवा

‘गोल्डफ्लेम’ हे जपानी स्पायरियाचं बुटकं, पानझडी झुडूप. उंची ७५ ते ९० सेंटीमीटर, घेरही साधारण तेवढाच. वसंतातली पालवी तांबूस-केशरी असते, पुढे पिवळी पडते, उन्हाळ्यात हिरवटपणाकडे झुकते आणि गळण्याआधी पुन्हा तांबूस होते. उन्हाळ्यात शेंड्यांवर गुलाबी फुलांचे चपटे झुबके येतात. हिवाळ्यात चांगली थंडी पडते अशाच हवामानात ते टिकतं.

पालवीचा रंग आणि फुलं, दोन्ही नव्या फुटीवर येतात. त्यामुळे इथे सगळा भर छाटणीवर. हिवाळा सरताना, डोळे (फांदीवरचे अंकुर) फुगू लागले की सगळ्या फांद्या जमिनीपासून १५-२० सेंटीमीटरवर, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या किंचित वर कापा. झुडूप जुनं असेल तर सर्वांत जाड, काळपट फांद्या बुडापासूनच काढा. खुंट पाहून जीव खालीवर होतो खरा, पण न छाटलेलं झुडूप मध्यभागी पोकळ, काटक्यांचं होतं. लावल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मात्र फक्त मेलेलं लाकूड काढा. शरद ऋतूत छाटू नका. कोवळी फूट हिमात करपते. हिवाळा सरतानाच्या छाटणीचा नियम वायजेला या फुलझुडपाला लावलात तर त्या वर्षीची फुलं गेली, कारण ती जुन्या फांदीवर येतात.

मधूनच एखादी निव्वळ हिरवी, जोमदार फांदी निघते. ती शेंड्याला न कापता बुडापासून उपटा, नाहीतर हळूहळू झुडूपभर तीच पसरते.

लागवडीसाठी रोज किमान ६ तास ऊन हवं. सावलीत पानं हिरवी राहतात, फुलं विरळ येतात. उलट, दुपारचं कडक ऊन आणि कोरडी माती एकत्र आली की पानांच्या कडा भाजतात. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण दुप्पट रुंद घ्या. गोळ्याचा माथा जमिनीच्या पातळीत ठेवा. दोन झाडांत ७५ सेंटीमीटर अंतर सोडा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, वरची ५ सेंटीमीटर माती सुकल्यावर, मुरेपर्यंत पाणी द्या. ५-७ सेंटीमीटर आच्छादन घाला, बुडाला मात्र टेकू देऊ नका. वसंतात एकदा कंपोस्ट पुरतं. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो.

चुनखडीच्या मातीत लोह मिळत नाही. मुळातच पिवळ्या पानावर ते पटकन कळत नाही, म्हणून शिरा पाहा: शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट असेल तर लोहाची कमतरता समजा आणि चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) द्या.

सुकलेले झुबके लगेच काढले तर बऱ्याचदा दुसरा बहर येतो, शिवाय बीही पडत नाही. काही प्रदेशांत जपानी स्पायरिया बियांनी रानोमाळ पसरला आहे. बियांची रोपं मूळ झाडासारखी निघतीलच असं नाही. त्यामुळे नवं रोप छाटकलमानेच करा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला फूल नसलेल्या शेंड्याचा ८-१० सेंटीमीटर तुकडा घ्या, खालची पानं काढा, ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके, सच्छिद्र खनिज दाणे) यांच्या मिश्रणात सावलीत खोचा. ४ ते ६ आठवड्यांत मुळ्या धरतात.