ध्यान आणि मनातल्या मनात सराव: या चुका टाळा

बडोद्यात ध्यानाचा विषय निघाला की कोणीतरी अरविंदबाबू (म्हणजे पुढचे योगी श्रीअरविंद) आणि त्यांना ध्यान शिकवणारे योगी विष्णू भास्कर लेले यांची गोष्ट काढतंच. जानेवारी १९०८. सुरतेची काँग्रेस नुकतीच फुटलेली. ग्वाल्हेरहून आलेल्या लेल्यांसोबत ते इथे बसले आणि तीन दिवसांत मन निःशब्द झालं. गोष्ट खरी आहे, स्वतः अरविंदबाबूंनीच ती पुढे सांगितली आहे. पण त्याआधी काही वर्षं ते रोज कित्येक तास प्राणायाम करत होते, एवढं वाक्य सांगणारा हमखास गाळतो. मग कमाटीबागेतल्या बाकावर तीन सकाळी बसलेला माणूस चौथ्या दिवशी “आपल्याला नाही जमत बुवा” म्हणत उठतो.

विचार बंद पाडायला बसणं

सगळ्यांत जास्त माणसं इथेच अडतात. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका; आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर तर अस्वल आणखी जोरात परतलं. “डोळे मिटले की भाजीची यादी आठवते हो” म्हणणाऱ्या काकूंचं काहीच चुकत नाही. लेल्यांनीही आधी बघायलाच सांगितलं होतं: विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरायच्या आत परत पाठवा. परत पाठवणं ही वरची पायरी झाली. आपण बघण्यापर्यंत पोचलो तरी पुष्कळ.

श्वासावर लक्ष ठेवा. मन यादीकडे गेलं हे कळलं की चिडचिड न करता पुन्हा श्वासाकडे या. ते परत येणं म्हणजेच एक जोर मारणं. दहा मिनिटांत वीसदा भटकलात तर वीस जोर झाले, व्यायाम बुडाला नाही.

फक्त पदक बघणं

डोळ्यांसमोर चित्र आणा म्हटलं की मुलं थेट निकाल बघतात: गळ्यात पदक, पेपरात फोटो, बारावीला ९५ टक्के. शेली टेलर आणि लिएन फॅम या मानसशास्त्रज्ञांचा १९९९ चा अभ्यास याच्या उलट सांगतो. परीक्षेआधी काही विद्यार्थ्यांनी रोज थोडा वेळ ‘मी अभ्यासाला बसलोय’ हे चित्र पाहिलं, काहींनी ‘मला उत्तम गुण मिळालेत’ हे. पहिल्यांनी अभ्यास लवकर सुरू केला, जास्त केला, आणि गुणही त्यांनाच जास्त मिळाले. निकालाचं चित्र गोड असतं, आणि मनाला अर्धं समाधान तिथेच मिळून जातं. आईबाबांनी भिंतीवर चिकटवलेल्या टक्केवारीच्या कागदाबद्दल माझं मत म्हणूनच फारसं चांगलं नाही.

मल्लखांब करणाऱ्या मुलाने काय बघावं? सलामी. तळहाताला लागणारं एरंडेल, त्याचा वास. अढी, तिढी, वेल, दसरंग हे खांबावरचे प्रकार, ज्या क्रमाने त्यांचा संच बसवलाय त्याच क्रमाने. खऱ्या संचाला जितका वेळ लागतो तितकाच मनातही लागू द्या; घाईघाईत उरकलेला मनातला सराव अंगात उतरत नाही. दुरून स्वतःचा व्हिडिओ बघितल्यासारखं नको, स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी करा. आणि हे प्रत्यक्ष सरावाच्या जोडीला. खांबाला हात न लावता कोणी मल्लखांबपटू झालेला नाही.

यातच आणखी एक चूक दडलेली असते: मनातल्या संचात पकड कधी सुटतच नाही. ती सुटू द्या, आणि पुढच्या क्षणी तुम्ही काय करता तेही बघा. अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्सला त्याच्या प्रशिक्षकाने अशीच सवय लावली होती. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं. दिसेना, तेव्हा तो हाताचे फटके मोजत पोहला आणि विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेऊन बाहेर आला. बोर्डाच्या पेपरात पहिलाच प्रश्न येत नाही, हे चित्रही असंच आधी बघून ठेवावं.

चित्र दिसतच नाही

काहींना खरोखरच दिसत नाही. ॲडम झेमन या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञांनी २०१५ मध्ये याला ‘अफँटेशिया’ हे नाव दिलं. हट्ट नको. स्नायूंचा ताण, आवाज, हालचालींचा क्रम आठवा, किंवा मनातल्या मनात पायऱ्या बोला.

झोप येत असेल तर जेवणाआधी बसा, डोळे अर्धवट उघडे ठेवा. शांततेची वाट बघू नका. नवरात्रात तर नऊ रात्री ती मिळणारच नाही.

बेचैनी वाढली तरी रेटत राहणं

जुना आघात किंवा खोल नैराश्य असलेल्या काहींना डोळे मिटून बसल्यावर धडधड, भीती, नको त्या आठवणी येतात. “मन शुद्ध होतंय” म्हणून ते सोसू नका. डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या वस्तू बघा, चार पावलं चाला. पुन्हा पुन्हा होत असेल तर बसणं थांबवून डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. आणि मनाच्या आजारावरच्या गोळ्या चालू असतील, तर ध्यानाच्या भरवशावर त्या परस्पर बंद करू नका.