नुकसानभरपाईची नोटीस आली, आता बचाव कुठला घ्यायचा?

वकिलाची नोटीस आली की माणूस एकतर पाठवणाऱ्याला फोन लावून तावातावाने भांडतो, नाहीतर पाकीट टीव्हीमागे खोचून विसरून जातो. दोन्ही नको. आणि व्हॉट्सअॅपवर "जाऊ द्या ना, देतो की पैसे" असलं काही टाइप करू नका, तोच मेसेज उद्या प्रिंट काढून कोर्टात लागतो.

हे फौजदारीचं नाहीये. तुमच्यात करार-बिरार काही नाही, पण तुमच्या वागण्याने माझं नुकसान झालं म्हणून समोरचा पैसे मागतो, तो टॉर्टचा प्रकार. भिंत पडली, कुत्रा चावला, सोसायटीच्या ग्रुपवर बदनामी केली, असं सगळं. याचं आपल्याकडे एकच एक असं पुस्तक नाही, बराचसा कायदा जुन्या इंग्लिश निकालांवरून आलाय आणि आपल्या हायकोर्टांनी पुढे नेलाय, त्यामुळे कलम शोधत बसलात तर हाती फारसं लागणार नाही.

सगळ्यात आधी तारीख बघा. बदनामीचा दावा 1 वर्षाच्या आत लावावा लागतो, इतर बहुतेक टॉर्टना 3 वर्षं. मुदत संपल्यावर दावा लावला असेल तर बाकी काही बोलायच्या आधी हाच मुद्दा घ्या, यासारखा स्वस्त बचाव दुसरा नाही.

आता लोकांचा लाडका बचाव म्हणजे "निसर्गापुढे आपण काय करणार", कायद्याच्या भाषेत अ‍ॅक्ट ऑफ गॉड. हा वाटतो तेवढा सोपा नाही. मध्य प्रदेश हायकोर्टाची 1958 ची केस आहे, पावसात एका इमारतीची भिंत कोसळली, दोन मुलं गेली. मालक म्हणाला त्या दिवशी 2.66 इंच पाऊस झाला, माझा काय दोष. कोर्टाने ऐकलं नाही, पावसाळ्यात एवढा पाऊस पडणारच, भिंत तेवढी भक्कम ठेवणं मालकाचं काम. म्हणजे 2.66 इंच तर आपल्या कोकणात जुलैमधला साधा दिवस झाला! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, तसलं काही असेल तर निदान बोलायला जागा आहे, तरीसुद्धा भिंतीला आधीपासून तडे होते आणि शेजाऱ्याने तसं लेखी कळवलं होतं असं निघालं तर खेळ संपला. म्हणून हा बचाव घेणार असाल तर त्या दिवसाची हवामान खात्याची नोंद, इंजिनिअरचं सर्टिफिकेट, दुरुस्तीची बिलं, हे आधी गोळा करा आणि मग बोला.

दुसरा बचाव, "तो स्वतःहून आला होता". धोका माहीत असून आपखुशीने पत्करला तर भरपाई मागता येत नाही. 1975 च्या कर्नाटकातल्या केसमधे ड्रायव्हर जीपमधे पेट्रोल भरायला निघाला होता, दोन अनोळखी लोक लिफ्ट घेऊन बसले, चाकाचा बोल्ट निघाला, जीप उलटली, एक जण गेला. कोर्ट म्हणालं हा निव्वळ अपघात, आणि ते आपणहून बसले होते, मालक जबाबदार नाही. पण यावरून लगेच उड्या मारू नका, कारण इथे दोन गोष्टी लागतात, धोका माहीत असणं आणि तो मान्य असणं. नुसतं माहीत असून भागत नाही. कामगाराला परातीचा तुटका कान माहीत असतो, पण मुकादमापुढे नाही म्हणायची सोय नसते, ती संमती नव्हे. हॉस्पिटलचा संमती फॉर्म पण तसाच, सही ऑपरेशनला असते, निष्काळजीपणाला नसते. "मालक जबाबदार राहणार नाही" असे बोर्ड सर्रास लावतात, बोर्ड लावला म्हणून जबाबदारी गेली असं होत नाही.

"चूक त्याचीही होती" हा बचाव मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण यात पूर्ण सुटका नाही झाली तरी रक्कम खाली येते. भरपाई 10 लाख ठरली आणि त्याची चूक 30 टक्के धरली तर 7 लाखच द्यावे लागतात. मात्र त्याच्या चुकीमुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. 2020 मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाईकवर ट्रिपल सीट होते एवढ्यावरून मागे बसलेल्याचे पैसे कापता येणार नाहीत, ट्रिपल सीटचा त्या अपघाताशी संबंध दाखवा. लहान पोराच्या बाबतीत तर हा बचाव जवळजवळ चालतच नाही.

शेतकरी मंडळींसाठी एक मुद्दा जरा थांबून सांगतो. रानडुक्कर पीक उद्ध्वस्त करतात हे खरंच आहे, पण कुंपणात करंट सोडायचा आणि मग "माझी जमीन, माझं रक्षण" म्हणायचं, हे टिकत नाही. मद्रास हायकोर्टापुढे अशीच केस आली होती, जमिनीत उघडी चालू तार, कुठे खूण नाही की इशारा नाही, रात्री स्वतःच्या शेताकडे निघालेला माणूस त्या तारेचा झटका बसून जखमी झाला. मालकाला भरपाई द्यावी लागली. स्वतःचं आणि मालमत्तेचं रक्षण करता येतं पण धोक्याच्या मानानेच. आणि अशा तारेने माणूस गेला तर फौजदारी केस वेगळी होते, त्याला हा लेख पुरणार नाही.

बदनामीत दिवाणी दाव्यापुरतं बोलायचं तर खरं बोललात हा पूर्ण बचाव आहे, पण खरं होतं हे तुम्हालाच सिद्ध करायचंय. "सेक्रेटरीने पैसे खाल्ले" असं लिहिलंत तर ऑडिट रिपोर्ट हातात पाहिजे. फौजदारी बदनामीत मात्र नुसतं खरं पुरत नाही, ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं.

न चालणारे दोन बचाव आत्ताच डोक्यातून काढा. "माझी गिरणी आधीपासून आहे, ते नंतर राहायला आले" हा उपद्रवाच्या, म्हणजे आवाज-धूर-वासाचा त्रास होतो अशा दाव्यात चालत नाही. आणि घातक रसायनांचा कारखाना असेल तर 1985 च्या दिल्लीतल्या ओलियम गॅस गळतीनंतर सुप्रीम कोर्टाने ठरवून टाकलंय, तिथे देवाचं, तिसऱ्याचं, कशाचंच निमित्त चालत नाही.

समन्स मिळालं की 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, द्यायची असते, सबळ कारण असेल तर कोर्ट 90 दिवसांपर्यंत वाढवून देतं, त्यापुढे कोर्टाच्या मर्जीवर राहू नका. समन्स घेऊन कोर्टाचा बेलिफ आला की घरात नाही म्हणून लपायचा प्रकार तर अजिबात नको, एकतर्फी हुकूम होतो आणि तो रद्द करून घ्यायला वेगळी धावपळ. कैफियतीत वादीचं, म्हणजे दावा लावणाऱ्याचं, प्रत्येक वाक्य नेमकं नाकारावं लागतं, जे नाकारलं नाही ते मान्य धरलं जाऊ शकतं. आणि बचाव कुठला घेताय तो त्याच्या तारखा-घटनांसकट तिथेच लिहावा लागतो, पुरावा सुरू झाल्यावर अचानक "अहो, त्याने स्वतःच उडी मारली होती" म्हटलं तर समोरचा वकील हेच विचारणार, मग कैफियतीत का नाही लिहिलं? म्हणून वकीलसाहेबांनी सही करा म्हटलं की आधी आख्खी कैफियत वाचा, इंग्रजीत असेल तर समजावून घ्या.

गाडीचा, दुकानाचा विमा असेल तर नोटीस आल्याबरोबर कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या, त्यांना न विचारता परस्पर तडजोड केलीत तर कंपनी हात वर करायची शक्यता असते.