ठळक, चिंचोळा देवनागरी फॉन्ट करताना ‘ख’ आधी काढा

शीर्षकांसाठी ठळक आणि चिंचोळा देवनागरी फॉन्ट करायला घेणारे बहुतेक नवखे ‘ग’, ‘म’, ‘प’ यांपासून सुरुवात करतात, कारण ही अक्षरे लगेच देखणी दिसू लागतात. धोका नेमका इथेच आहे. या अक्षरांवरून दंडाची, म्हणजे अक्षराच्या उभ्या रेषेची, जाडी कायम केली की ती पुढे ‘ख’, ‘झ’, ‘क्ष’ आणि मराठी वळणाच्या ‘ल’ला पेलत नाही. माझी कित्येक महिन्यांची मेहनत याच ठिकाणी अडली होती, म्हणून हा मुद्दा सविस्तर मांडते.

समजा, फॉन्ट काढायच्या १००० एककांच्या चौकटीत दंड १५० एककांचा आहे. ‘ग’ची रुंदी ४०० धरली, तर दोन उभ्या रेषांमध्ये १०० एककांची पोकळी उरते आणि ती पुरते. ‘ख’मध्ये मात्र ‘र’चा भाग, ‘व’ची गोलाई आणि दंड अशा तीन काळ्या पट्ट्या शेजारी शेजारी येतात. रुंदी ५६० दिली, तरी दोन पोकळ्यांच्या वाट्याला प्रत्येकी ५५ एकके येतात. ही १००० एककांची चौकट पडद्यावर २४ पिक्सेलची झाली, की ती फट जेमतेम १.३ पिक्सेलची होते आणि अक्षर बुजते. अशा वेळी दंड १५० एककांचाच ठेवून आतल्या दोन्ही रेषा १२०वर आणाव्यात, म्हणजे प्रत्येक पोकळी ८५ एककांची होते. वाचकाची नजर दंडावर ठरलेली असल्याने आतला बारीकपणा तिला जाणवत नाही. शिरोरेषाही दंडापेक्षा बारीकच हवी.

जेफ्री ली यांचा १९६५चा ‘इम्पॅक्ट’ हा ठळक, चिंचोळा रोमन फॉन्ट पाहून अनेकांना तशीच काळीभोर घनता देवनागरीत हवी असते. रोमन अक्षरांत एक-दोनच पोकळ्या असतात, म्हणून तिथे ती घनता निभावते; आपल्या जोडाक्षरांत ती निभावत नाही. रुंद, ठळक अक्षर सॉफ्टवेअरमध्ये आडवे दाबून चिंचोळे करण्याचा मार्ग तर कधीच धरू नका. त्यात दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते, आणि सगळा शब्द वरून दडपल्यासारखा दिसतो.

त्यापेक्षा इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘तेको’ आणि ‘खंड’ हे मुक्त परवान्याचे फॉन्ट उघडून त्यांच्या ठळक वजनातल्या (जाड रूपातल्या) रेषा आणि पोकळ्या स्वतः मोजा. ‘खंड’च्या मोकळ्या पोकळ्यांकडे विशेष लक्ष द्या. मार्गदर्शकही असा शोधा, जो पडद्यावर पाहून नुसते कौतुक न करता छापील कागदावर बुजलेल्या जागांना लाल पेन्सिलीने खुणा करील. माझ्या मते अशा एका कागदातून जे शिकायला मिळते, ते महागड्या कार्यशाळेतूनही मिळत नाही.

सुरुवातीचे ‘ख’ काळेठिक्कर आले तर खचू नका. हात वाईट असल्याचे ते लक्षण नव्हे, जाडीचा हिशेब अजून जुळायचा आहे एवढेच. पहिली चाचणी ‘खळखळ’, ‘लक्ष’, ‘झुळूक’, ‘मूर्ती’ या शब्दांवर घ्या आणि ते एकाखाली एक छापा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो का, हेही त्याच कागदावर दिसेल.