फर्मचा पत्ता किंवा भागीदार बदलताय? या चुका टाळा

भागीदारी फर्ममध्ये बदल झाला की दोन कामं लगेच होतात. दुकानावरचा बोर्ड बदलतो आणि बँकेतल्या सह्या बदलतात, कारण सही जुळली नाही तर चेक वटत नाही. सरकारी नोंदींसाठी मागे लागणारं कोणी नसतं, म्हणून त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. पुढे फटका बसतो तो बहुतेक वेळा फर्म सोडून गेलेल्या भागीदाराला. म्हणून आधी त्याचं बघू.

‘निवृत्तीपत्र झालं, मी सुटलो’

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. स्टॅम्प पेपरवर निवृत्तीपत्र झालं, हिशेब चुकता झाला, साक्षीदारांच्या सह्या झाल्या; पण हा कागद भागीदारांच्या आपसातला. माल उधार देणाऱ्या व्यापाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३२ नुसार, निवृत्तीची जाहीर सूचना निघेपर्यंत त्या माणसाला भागीदार म्हणून ओळखणाऱ्या तिऱ्हाइतांच्या लेखी तो जबाबदारच राहतो. जाहीर सूचना कशाला म्हणायचं हे कलम ७२ मध्ये आहे. नोंदणीकृत फर्म असेल तर फर्मची नोंद ठेवणाऱ्या निबंधकांना सूचना, राजपत्रात प्रसिद्धी आणि फर्मच्या जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहिरात, असं तिन्ही लागतं. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला निरोप यात बसत नाही.

जीएसटीचा हिशेब याहून वेगळा आणि जास्त कडक आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ९० प्रमाणे निवृत्तीची तारीख आयुक्तांना लेखी कळवायची असते, तीही एका महिन्याच्या आत. वेळेत कळवलं तर जबाबदारी निवृत्तीच्या तारखेपर्यंतच्या करापुरती. नाही कळवलं तर सूचना आयुक्तांकडे पोहोचेल त्या दिवसापर्यंत. म्हणजे मार्चमध्ये बाहेर पडलेल्या माणसाने नोव्हेंबरमध्ये कळवलं, तर मधल्या आठ महिन्यांत फर्मने थकवलेला कर, व्याज आणि दंड त्याच्याही अंगावर येऊ शकतो. ही सूचना फर्मने दिली तरी कायद्याला चालतं. पण मी प्रत्येक निवृत्त होणाऱ्याला हेच सांगते, की फर्मवर विसंबू नका. स्वतःच्या सहीचं पत्र द्या, पोच घ्या आणि ती पोच निवृत्तीपत्राला जोडून ठेवा.

निबंधकांकडे नमुना ‘ई’ द्यायचा राहतो

भागीदार आला किंवा गेला, की ते निबंधकांना कळवायचा अर्ज म्हणजे नमुना ‘ई’. महाराष्ट्रात यासाठी ९० दिवसांची मुदत आहे. उशिराचा दंड दिवसाला जास्तीत जास्त दहा रुपये, त्यामुळे कोणाला घाई वाटत नाही. खरं नुकसान दंडात नाहीच. कलम ६९ प्रमाणे फर्मच्या वतीने करारावरून दावा लावायचा तर फर्म नोंदलेली हवी आणि दावा लावणाऱ्यांची नावं निबंधकांच्या नोंदवहीत भागीदार म्हणून हवीत. नवा भागीदार घेतला, जुने गेले, नोंद कोणीच केली नाही. पुढे एखाद्या गिऱ्हाइकाने लाखांची उधारी बुडवली आणि कोर्टात गेल्यावर समोरच्या वकिलाने पहिला मुद्दा हाच काढला, की मुख्य प्रश्न बाजूलाच राहतो. फक्त पत्ता किंवा नाव बदललं असेल तर नमुना वेगळा लागतो, तिथे ‘ई’ भरू नका.

जीएसटीत पत्ता बदलताना

मुदत बदल झाल्यापासून १५ दिवसांची. मुख्य पत्ता, वाढीव जागा, व्यवसायाचं नाव आणि भागीदार हे बदल अधिकाऱ्याच्या मंजुरीने होतात. शंका आली तर तो नोटीस काढतो आणि उत्तराला कामकाजाचे सात दिवस मिळतात. इथे घोटाळा असा होतो, की नोटीस जाते जुन्या सल्लागाराच्या ईमेलवर, कारण नोंदणीच्या वेळी त्याने स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल टाकलेला असतो. सात दिवस कधी संपले ते मालकाला कळत नाही आणि अर्ज फेटाळला जातो. म्हणून इतर कशालाही हात लावायच्या आधी ईमेल आणि मोबाइल आपले करून घ्या. त्याला मंजुरी लागत नाही, ओटीपीवर काम होतं.

नोटीस येते ती बहुधा कागदांच्या विसंगतीवरून. भाडेकरारात ‘गाळा क्र. ४’, वीजबिलावर ‘दुकान नं. ४/अ’ आणि घरपट्टीच्या पावतीवर मालकाच्या वारलेल्या वडिलांचं नाव. तिन्ही कागद खरे असतात, पण संगणकासमोर बसलेल्या अधिकाऱ्याला त्या तीन वेगळ्या जागा दिसतात. मालकाकडून संमतीपत्र घेतानाच दोन ओळींचा खुलासा लिहून घ्या आणि तोही सोबत चढवा.

जुनी जागा सोडून महिनोन्‌महिने नोंद तशीच ठेवणं तर फारच धोक्याचं. अधिकारी तपासणीला आला आणि कुलूप दिसलं, तर दाखवलेल्या जागेवरून धंदा चालत नाही या कारणावरून नोंदणी रद्द होऊ शकते. गोडाऊन भाड्याने घेतलं असेल तर माल ठेवायला लागण्याआधी ते वाढीव जागा म्हणून दाखवा.

आणखी एक अडचण वारंवार येते. जाणारा भागीदारच जीएसटीच्या पोर्टलवर मुख्य सही करणारा असतो आणि त्याचं नाव काही केल्या निघत नाही. आधी दुसऱ्याला अधिकृत सहीदार म्हणून जोडा, त्याला मुख्य करा, मग जुन्याचं नाव काढा.

शॉप ॲक्ट, व्यवसाय कर, उद्यम (लघुउद्योगांची नोंदणी), खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर त्याचा परवाना, या नोंदीही वेगवेगळ्या बदलाव्या लागतात. जीएसटीत बदल केला म्हणून त्या आपोआप बदलत नाहीत.

पॅन बदलतोय आणि तुम्ही दुरुस्ती करत बसलात

दोन भागीदारांपैकी एक वारला किंवा बाहेर पडला आणि नवा कोणी आला नाही, तर भागीदारी उरत नाही. उरलेल्याने धंदा स्वतःच्या नावाने चालवला तर पॅन त्याचा लागतो. वडिलांची एकट्याची पेढी त्यांच्यामागे मुलीने चालवली तरी तसंच. अशा वेळी जीएसटीत दुरुस्तीचा अर्ज चालत नाही, नवी नोंदणीच घ्यावी लागते. जुन्या खात्यात शिल्लक असलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नव्या खात्यात न्यायचं तर आयटीसी-०२ हा फॉर्म जुनी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज टाकण्याआधी भरा. घरात दुःखाचे दिवस असतात आणि कोणीतरी ‘आधी जुनं बंद करून टाका’ असं सांगतं. तसं करू नका; आधी नवा नंबर, मग आयटीसी-०२ आणि शेवटी रद्दचा अर्ज.