जुन्या पीसीची हार्ड डिस्क एन्क्लोजरमध्ये बसवताना

डेस्कटॉप बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा गेलेला असतो मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय. आतली हार्ड डिस्क ठणठणीत असते आणि तिच्यावर घराचे दहा वर्षांचे फोटो, दुकानाचा हिशेब, मुलांची प्रमाणपत्रं असं सगळं पडून असतं. आपण ज्याला सरसकट 'सीपीयू' म्हणतो ती पेटी भंगारात देण्याआधी डिस्क काढून घ्या. एका साध्या एन्क्लोजरमध्ये, म्हणजे डिस्क ठेवायच्या बाहेरच्या डबीत, ती बसवली की लॅपटॉपला यूएसबीने जोडता येते.

सगळ्यात जास्त फसगत होते विजेच्या बाबतीत. लॅपटॉपची २.५ इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे तिला यूएसबी केबलमधून मिळणारी वीज पुरते. डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कचा सर्किट बोर्ड ५ व्होल्टवर चालतो, पण तबकड्या फिरवणाऱ्या मोटरला १२ व्होल्ट लागतात. यूएसबीच्या पोर्टमधून नेहमीच्या जोडणीत ५ व्होल्टच येतात, तेही यूएसबी २.० मध्ये अर्ध्या अँपिअरपर्यंत आणि ३.० मध्ये ०.९ अँपिअरपर्यंत. म्हणून ३.५ इंची डिस्कच्या एन्क्लोजरला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असावाच लागतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी 'साटा टू यूएसबी' केबल (साटा म्हणजे डिस्कची नेहमीची जोडणी) अ‍ॅडॉप्टरशिवाय येत असेल तर ती या कामाची नाही. डिस्कला लावली तर दिवा लागतो, पण मोटर फिरत नाही, आणि माणसाला वाटतं डिस्कच गेली.

आता डिस्कवरचं लेबल वाचा. त्यावर ५ व्होल्टला किती अँपिअर आणि १२ व्होल्टला किती अँपिअर असे दोन आकडे छापलेले असतात. हे आकडे सहसा डिस्क फिरायला लागल्यानंतरचे असतात. सुरू होताना पहिले काही सेकंद मोटर १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअरपर्यंत ओढते. म्हणून अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट, किमान २ अँपिअरचा हवा. वायफाय राउटरचा अ‍ॅडॉप्टरही बऱ्याचदा १२ व्होल्टचाच असतो आणि त्याची पिनही बसते, पण तो अर्ध्या किंवा एका अँपिअरचा असतो. त्यावर डिस्क फिरायला लागते, धाप लागल्यासारखी थांबते, पुन्हा फिरायला लागते. असं वारंवार होणं डिस्कला घातक आहे. याहून धोकादायक म्हणजे लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. काही लॅपटॉपची पिन एन्क्लोजरमध्ये अगदी चपखल बसते, आणि क्षणात डिस्कचा बोर्ड जळू शकतो. एन्क्लोजरसोबत आलेल्या अ‍ॅडॉप्टरवर मार्करने 'डिस्क' असं लिहून ठेवा. घरात काळे अ‍ॅडॉप्टर पाच-सहा असतात आणि घाईत चुकीचा हाताला लागतो.

विकत घेताना

डिस्कचं तोंड कसं आहे ते पाहा. साटा डिस्कला इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन चपट्या पट्ट्या असतात: लहान ७ संपर्कांची डेटासाठी, मोठी १५ संपर्कांची विजेसाठी. त्याआधीच्या आयडीई डिस्कला दोन ओळींत ४० पिना आणि शेजारी चार जाड पिनांचा पॉवरचा सॉकेट असतो. आयडीईसाठी वेगळं एन्क्लोजर किंवा कन्व्हर्टर लागतो. त्या पिनांच्या बाजूला एक छोटा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी प्लास्टिकची टोपी, असतो. तो 'स्लेव्ह'वर असेल तर डिस्क दिसत नाही, 'मास्टर'वर आणा. कुठली जागा कशाची हे लेबलवरच्या आकृतीत दिलेलं असतं.

साटासाठी एन्क्लोजर घेताना खोक्यावर '३.५ इंच' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. ३.५ इंचीत २.५ इंची डिस्क बसू शकते, उलट शक्य नाही. यूएसबी ३.० हवं. त्याची मागची खाच चौकोनी असते आणि वर छोटा उंचवटा असतो, केबलही तशीच लागते. कमाल किती टीबी चालेल हे वाचा, कारण जुन्या धाटणीच्या एन्क्लोजरमधली चिप २ टीबीच्या पुढे मोजू शकत नाही आणि ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीची म्हणून दाखवते. अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत घेत असाल तर डिस्क सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा.

प्लास्टिकपेक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या एन्क्लोजरला चार पैसे जास्त द्यावेत, असं आमचं ठाम मत आहे. ७२०० आरपीएमची डिस्क बंद प्लास्टिकच्या डबीत तास-दोन तास चालली की चांगलीच तापते. बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश सेल्सिअसची असते, आणि नागपूर-जळगावच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते. मोठी कॉपी लावाल तेव्हा टेबलफॅनचा झोत एन्क्लोजरवर सोडा. तापमान (ते पुढे सांगितलेल्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसतं) ५० च्या वर गेलं तर कॉपी थांबवून डिस्क निवू द्या.

काढणं आणि बसवणं

पीसीचा प्लग भिंतीतून काढा, मग पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. बाजूचा पत्रा उघडल्यावर पेटीच्या उघड्या धातूला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. साटा केबलला बहुधा पत्र्याची छोटी क्लिप असते. ती दाबूनच केबल ओढा, हिसका मारू नका. डिस्क धरणारे स्क्रू दोन्ही बाजूंना दोन-दोन असतात आणि त्यांचे आटे जाड असतात. डीव्हीडी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे स्क्रू यात बसत नाहीत, जोर लावला तर डिस्कचे आटे बिघडतात. स्क्रू वाटीत काढून ठेवा, एन्क्लोजरमध्ये तेच लागतील.

डिस्क कडेने धरा. खालच्या हिरव्या किंवा निळ्या बोर्डाला बोटं लावू नका. वरच्या झाकणावर सुईच्या भोकाएवढं एक छिद्र दिसेल आणि शेजारी 'झाकू नका' असं इंग्रजीत छापलेलं असेल. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं. त्यावर नावाचं स्टिकर चिकटवू नका.

एन्क्लोजरच्या सॉकेटमध्ये डिस्क समांतर सरकवा. इथे घाई महागात पडते. डिस्क तिरकी घुसवली तर एल आकाराची प्लास्टिकची जीभ तुटते. ती तुटली की संपर्कपट्ट्यांना आधार राहत नाही आणि चांगल्या डिस्कचा डेटा काढायलाही दुरुस्तीवाल्याकडे जावं लागतं. अडत असेल तर बाहेर काढा, एलची दिशा पुन्हा बघा आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या.

झाकण लावण्याआधी एकदा चालवून बघा. अ‍ॅडॉप्टर लावा, बटण दाबा आणि कान द्या. आधी चढत जाणारी घरघर, मग एक-दोन बारीक टकटक, मग एकसुरी आवाज, असं झालं तर डिस्क धडधाकट आहे. ठरावीक अंतराने टक... टक... टक असा आवाज येत राहिला तर लगेच बंद करा. तो हेड, म्हणजे तबकडी वाचणारा भाग, बिघडल्याचा आवाज असू शकतो. प्रत्येक नव्या प्रयत्नात तबकडीवर ओरखडे पडण्याचा धोका असतो. डेटा मोलाचा असेल तर पुढचं काम डेटा रिकव्हरी करणाऱ्यांचं. घरी झाकण उघडून आत डोकावणं म्हणजे त्या डेटावर पाणी सोडणं.

संगणकाला जोडल्यावर

विंडोजने 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' करू का असं विचारलं आणि डिस्कवर जुना डेटा असेल, तर उत्तर एकच: कॅन्सल. दिसतच नसेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे विभाग (पार्टिशन) दिसतोय पण त्याला अक्षर नाही, एवढीच अडचण असेल तर 'चेंज ड्राइव्ह लेटर'मधून अक्षर द्या. 'रॉ' असं लिहून आलं तरी घाबरू नका. काही एन्क्लोजरच्या चिपा ५१२ बाइटचे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात, त्यामुळे विभागांचा तक्ता चुकीचा वाचला जातो. तीच डिस्क दुसऱ्या पीसीच्या साटा पोर्टला किंवा वेगळ्या एन्क्लोजरमध्ये लावली की फायली जागच्या जागी दिसू शकतात. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असलेली डिस्क असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागतेच. जुन्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ती शोधा.

कॉपी करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये डिस्कची तब्येत बघा. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी महत्त्वाच्या: बदललेले, वाचायला अडणारे आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. तिन्ही शून्य असतील तर उत्तम. सी५ वाढत असेल तर डिस्क जायला टेकली आहे असं समजून आधी डेटा काढा. सी७ वाढलेला असेल तर तो डेटा केबलचा किंवा जोडणीचा दोष असतो, बहुधा जुन्या पीसीतल्या केबलचा.

डेटा यूजर्स फोल्डरमध्ये आपल्या नावाखाली असतो, एक्सपी असेल तर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये. 'परवानगी नाही' असा संदेश आला की 'कंटिन्यू' दाबा. विंडोज प्रत्येक फाइलचा हक्क बदलत बसतं, हिरवी पट्टी दहा-पंधरा मिनिटं रेंगाळू शकते. मध्येच केबल काढू नका. फोटो आणि कागदपत्रं आधी, सिनेमे सगळ्यात शेवटी. टॅलीचा हिशेब यूजर्समधल्या आपल्या नावाखाली सापडत नाही, टॅलीच्या फोल्डरमधला 'डेटा' फोल्डर वेगळा उचलावा लागतो.

मराठी घरांत एक गोष्ट हमखास राहून जाते. युनिकोड येण्याआधी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप केलेल्या फायली नव्या लॅपटॉपवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते, फाँट नसतो. म्हणून जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमधला 'फाँट्स' फोल्डरही कॉपी करून ठेवा. आजोबांचं आत्मचरित्र किंवा मंडळाचे वीस वर्षांचे इतिवृत्त त्याच्याशिवाय वाचता येणार नाहीत.

वेळेचा अंदाज: ५०० जीबीला यूएसबी २.० वर ताशी शंभर-सव्वाशे जीबीच्या हिशेबाने चार-पाच तास, यूएसबी ३.० वर दीड-दोन तास. हजारो बारीक फायली असतील तर याहून जास्त. वेग सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वर सरकतच नसेल तर पोर्ट किंवा केबल २.० ची आहे.

पुन्हा वापरासाठी तयार करणं

डेटा दुसरीकडे सुरक्षित पोचला आणि चार-पाच फायली उघडून खात्री झाली, मगच डिस्क पुसा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये विंडोज सुरू करणारा छोटा ईएफआय विभाग पुसला जात नाही, त्यासाठी डिस्कपार्ट या विंडोजमधल्याच प्रोग्रामचा 'क्लीन' आदेश वापरावा लागतो. तिथे डिस्कचा क्रमांक निवडताना आकार दोनदा जुळवा. चुकून लॅपटॉपची स्वतःची डिस्क निवडली तर परतीचा रस्ता नाही. १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबीची दिसते, ते बरोबरच आहे. नंतर विभागांच्या तक्त्याचा प्रकार म्हणून जीपीटी निवडून विभाग बनवा, कारण जुना प्रकार एमबीआर २ टीबीपर्यंतच पोचतो. पहिल्यांदा 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. १ टीबीला अडीच-तीन तास जातात, पण प्रत्येक सेक्टरवर लिहिलं जातं आणि कमकुवत जागा उघड्या पडतात. नंतर सी५ पुन्हा बघा.

फक्त विंडोज आणि टीव्हीसाठी वापरणार असाल तर फॉरमॅटचा प्रकार एनटीएफएस ठेवा. मॅकवरूनही लिहायचं असेल तर एक्सफॅट. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

निवडीमागे विजेचंही कारण आहे. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण एन्क्लोजरचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतल्या विजेवर असल्याने डिस्क लिहिता लिहिता बंद पडते. एनटीएफएसमध्ये बदलांची नोंद आधी ठेवली जाते, त्यामुळे बहुधा चालू असलेली एखादी फाइलच जाते. एक्सफॅटमध्ये तशी नोंद नसते आणि अख्खा फोल्डर गायब होऊ शकतो. भारनियमन असलेल्या गावात अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या प्लगला लावा. वीज परत आल्यावर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधून एरर चेकिंग चालवा आणि अर्धवट राहिलेली फाइल पुन्हा कॉपी करा.

डिस्क काढताना आधी 'इजेक्ट', मग एन्क्लोजरचं बटण बंद. त्यानंतरही तबकड्या काही सेकंद फिरत असतात. हात लावला तर थरथर जाणवते. ती पूर्ण थांबल्यावरच एन्क्लोजर उचला.