घर बदलताना लँडलाईन कशी घ्यावी: बेळगाव, निपाणी, खानापूरकरांसाठी

घर बदलायचं ठरलं की गॅस, लाईट, पाणी यांची धावपळ आधी सुरू होते आणि फोन शेवटी आठवतो. घरात वयस्कर माणसं असतील तर फोनचं काम आधी हाती घ्या. टच स्क्रीन न जमणाऱ्या आजीला रिसीव्हर उचलून बोलता येतं. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला घर असेल आणि आत मोबाईलची रेंज नसेल, तर हाच फोन अडीअडचणीला उपयोगी पडतो.

पहिलं काम भाडेकरार करायच्या आधीचं. नव्या गल्लीत कुणाची लाईन आहे ते बघा. शेजारच्या घरात विचारा, की फोन कुणाचा, पावसात बंद पडतो का, दुरुस्तीला माणूस किती दिवसांनी येतो. ही माहिती ऑफिसच्या टेबलावर मिळत नाही. आता नवी जोडणी बहुतेक ठिकाणी फायबरवरच मिळते. बीएसएनएलची फायबर लाईन कित्येक भागांत स्थानिक केबलवाल्यामार्फत येते, तेव्हा त्याचा नंबर शेजाऱ्याकडूनच घेऊन ठेवा. जिओ आणि एअरटेलच्या फायबरवरही लँडलाईन नंबर मिळतो. ज्याचा माणूस तुमच्या गल्लीत लवकर येतो, त्याची जोडणी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्याला पन्नास-शंभर रुपये वाचवून आठवडाभर बंद फोन सांभाळण्यात काही हशील नाही.

मग जुना फोन हलवायचा की नवा घ्यायचा हे ठरवा. टिळकवाडीतून अनगोळला किंवा शहापुरातून वडगावला जात असाल, तर आधी शिफ्टिंगचा अर्ज करा आणि जुना नंबर राहील का ते अर्ज देतानाच विचारा. बेळगावातून निपाणीला गेलात तर एसटीडी कोडच बदलतो. बेळगावचा 0831, निपाणी-चिकोडीचा 08338, खानापूरचा 08336. तिथे नवा नंबर घ्यावा लागतो. निपाणी सोडून कागल-कोल्हापूरला चाललेल्यांचं तर टेलिकॉम मंडळच कर्नाटकातून महाराष्ट्रात जातं, म्हणून इकडची जोडणी बंद करून तिकडे नवी घेणं सोपं. कंपनी बदलून तोच नंबर ठेवण्याची मोबाईलसारखी सोय लँडलाईनला नाही.

कागदपत्रांत ओळखीसाठी आधार आणि नव्या पत्त्याचा पुरावा लागतो. स्वतःचं घर असेल तर हेस्कॉमचं लाईटबिल किंवा घरफाळ्याची पावती, भाड्याचं असेल तर भाडेकरार. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी आधीच घ्या, नाहीतर लाईनमन दारात उभा आणि मालक गावाला अशी वेळ येते. फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असतो. वाचता येत नसेल तर काउंटरवर विचारून घ्या, सही करण्याआधी प्रत्येक रकाना समजून घेणं हा तुमचा हक्क आहे. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच लिहा. पत्त्यात घर नंबर, गल्ली, जवळची खूण आणि पिनकोड पाहिजेच. जुन्या कागदांवर बेलगाम आणि 2014 नंतरच्या कागदांवर बेळगावी असं असतं, म्हणून जो पुरावा जोडाल त्यावरचाच पत्ता फॉर्मवर उतरवा. डिपॉझिट भरलंत तर पावती आणि अर्जाचा नंबर जपून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. जुन्या तांब्याच्या लाईनला एक्सचेंजकडूनच सुमारे 48 व्होल्टची वीज मिळायची, त्यामुळे लाईट गेली तरी फोन चालू राहायचा. फायबरमधून वीज येत नाही. फायबरची लाईन घरात ज्या पेटीला जोडतात तो मोडेम घरच्या विजेवर चालतो. लाईट गेली की फोनही गेला. खानापूरच्या पावसात तासन् तास लाईट जाते, तेव्हा मोडेमसाठी छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीवर वीज देणारी पेटी, घ्याच. मोडेमच्या ॲडॉप्टरवर लिहिलेलं व्होल्टेज आणि अँपिअर दुकानदाराला दाखवा, बहुतेक मोडेम 12 व्होल्टचे असतात. घरात इन्व्हर्टर असेल तर मोडेमचा प्लग त्याच्या लाईनवर घ्या. फोन साधा, वायरचा ठेवा, कारण कॉर्डलेसच्या बेसलाही वीज लागते. गोल डायल फिरवायचा जुना फोन पुष्कळ मोडेमवर डायल करू शकत नाही. बटणांचा, टोनवर चालणारा घ्या.

जोडणीच्या दिवशी स्वतः घरी राहा. मोडेम कुठे बसवायचा ते आधी ठरवा: प्लगजवळ, कौलांतून गळणाऱ्या जागेपासून लांब आणि आई-बाबांच्या खोलीतून घंटी ऐकू येईल असा. फायबरची वायर कोपऱ्यात काटकोनात वाकवू देऊ नका, वरून खिळाही मारू देऊ नका. आत काचेचा तंतू असतो. जुन्या घरात खोल्याखोल्यांतून टेलिफोनची वायर आधीच फिरवलेली असेल तर ती मोडेमच्या फोन पोर्टला जोडून वापरता येते. मात्र त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची जोडणी लाईनमनकडून पूर्ण तोडून घ्या, तिच्यातली वीज मोडेममध्ये शिरली तर तो खराब होऊ शकतो.

लाईनमन जाण्याआधी मोबाईलवरून फोन लावून घंटी वाजवून बघा, मग लँडलाईनवरून मोबाईलला लावा. मोडेमवरचा पॉनचा (PON) दिवा स्थिर हिरवा हवा. एलओएसचा (LOS) दिवा लाल असेल तर लाईन तुटलेली किंवा सैल आहे, त्याला तसाच जाऊ देऊ नका. तो कुठल्या खांबावरून लाईन आणतो तेही बघून ठेवा. रस्ता खोदला किंवा घर रंगवताना वायर तुटली, तर ही माहिती दुरुस्तीचा वेळ वाचवते.

शक्य असेल तर हे सगळं मिरगाच्या आधी उरका. पाऊस लागला की खांबावरची कामं रखडतात. विजांचा कडकडाट सुरू झाला की मोडेमचा प्लग भिंतीतून काढा. फायबरमधून वीज येत नसली तरी ॲडॉप्टरमधून धक्का येऊ शकतो.

नवा नंबर नातेवाइकांना कळवताना कोडसकट कळवा. मोबाईलवरून लँडलाईनला लावताना एसटीडी कोड सुरुवातीच्या शून्यासह दाबावा लागतो, म्हणून चंदगड-गडहिंग्लजच्या पाहुण्यांना नंबर शून्यासहच लिहून द्या. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाईनवरून मोबाईलला लावतानाही आधी शून्य दाबावा लागतो. फोन बिघडला तर कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, लिहून घ्या. लाईनमनला तोंडी सांगितलेल्या तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही. तक्रार सुटली नाही तर त्याच डॉकेटवर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

जुनी जोडणी मात्र नवा फोन आठवडाभर नीट चालल्यावरच बंद करा. अर्ज लेखी द्या, कंपनीचा मोडेम असेल तर परत करून पोच घ्या, शेवटचं बिल भरा आणि डिपॉझिट परत मिळण्यासाठी बँक पासबुकाची झेरॉक्स जोडा.